शिबिर झालं, मग मुलं ग्रामसभेला का फिरकली नाहीत?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तालुक्यातल्या 18 ते 25 वयाच्या मुलामुलींसाठी तुम्ही दोन दिवसांचं निवासी शिबिर घेतलं. पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73वी घटनादुरुस्ती, माहितीचा अधिकार, नेतृत्वगुण, सगळं झालं. समारोपाला मुलं भरभरून बोलली. पुढच्या ग्रामसभेला मात्र त्यातलं एकही फिरकलं नाही. आता पुन्हा शिबिर घ्यायचं तर अभ्यासक्रमात काय बदलावं, असं तुम्ही विचारताय.

अभ्यासक्रम तूर्त बाजूला ठेवा आणि मुलांच्या स्वतःच्या गावातली एक फाइल शोधा. एकच काम, पूर्ण झालेलं, बिल निघालेलं. कायदा, हिशेब, बोलणं, लिहिणं हे सगळं त्या एका फाइलीच्या निमित्ताने शिकवता येतं. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी कायदा आणि मग कधीतरी गाव, असं शिकवलेलं टिकलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

शिबिरात आपण सांगतो की ग्रामसभा सर्वोच्च आहे. मुलगा गावात जातो तेव्हा त्याला काय दिसतं? अकराची वेळ दिलेली, साडेबारापर्यंत माणसं जमताहेत. समाजमंदिरात पुढे मोजके वयस्कर पुरुष, दाराशी दोनचार बायका. ग्रामसेवक मागचं इतिवृत्त भराभर वाचतात, मग घरकुलाच्या यादीवरून आरडाओरडा होतो आणि तासाभरात ‘सर्वानुमते मंजूर’. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. तेवढी नसली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून कित्येक गावांत पहिली सभा तहकूब होण्यासाठीच बोलावल्यासारखी असते, आणि काही ठिकाणी तर हजेरीचं रजिस्टर सभेनंतर सह्यांसाठी घरोघर फिरतं. आपण मुलाला ज्या सभेसाठी तयार केलं, ती सभा त्याच्या गावात भरतच नाही. मग तो दुसऱ्यांदा कशाला येईल?

आता फाइलीकडे वळू. ई-ग्रामस्वराज पोर्टल 2020 पासून सुरू आहे. तिथे लॉगिन न करता कुठल्याही ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीतून झालेले खर्च बघता येतात. पहिल्या बैठकीत एवढंच करायचं: मुलांनी मोबाइलवर आपलं गाव शोधायचं, एक आर्थिक वर्ष निवडायचं आणि त्या वर्षातली कामं वहीत उतरवून काढायची. हातानेच लिहायची, स्क्रीनशॉट काढून चालणार नाही. लिहिताना मुलं थबकतात. ‘अरे, ही व्यायामशाळा कुठाय?’ असं एखादं म्हणतं आणि खोलीतला सूर बदलतो. तुम्ही काही बोलायचं नाही. व्यायामशाळा असेलही, दुसऱ्या वाडीवर असेल, नाव बदललं असेल. शोधू द्या.

याच टप्प्यावर निधीचे प्रकार समजावून सांगता येतात, कारण मुलं स्वतःच विचारतात की रस्त्यावर एवढा आणि पाण्यावर एवढा खर्च असं का. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळात ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या निधीतला 60 टक्के बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला 40 टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगारावर खर्च करायचा नाही. हे कळलं की ‘सरपंचाने सगळा पैसा गटारीवरच घातला’ ही तक्रार निम्मी विरून जाते. जबाबदारी मागायला शिकवताना कुठली तक्रार गैरलागू आहे हेही शिकवावं लागतं. आपली शिबिरं तिथे कमी पडतात.

कामांच्या यादीतून एक काम निवडायचं. शक्यतो रस्ता, गटार किंवा शाळेची दुरुस्ती, म्हणजे टेप लावून मोजता येईल असं काहीतरी. प्रशिक्षणं, साहित्य वाटप, एलईडी दिवे सुरुवातीला नकोत, त्यांचा माग काढणं अवघड असतं. निवडलेल्या कामाची कागदांची साखळी फळ्यावर काढा: आराखड्यातली नोंद, ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, पूर्णत्वाचा दाखला, देयक, आणि शेवटी रोकडवहीतली नोंद. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीचा सगळा हिशेब नमुना 1 ते 33 या ठरावीक नोंदवह्या-तक्त्यांमध्ये बसवलेला आहे. सगळे पाठ करून घेऊ नका. नमुना 1 म्हणजे ग्रामपंचायतीचं वर्षाचं अंदाजपत्रक (एका कामाचं नव्हे), 5 म्हणजे रोकडवही, 8 म्हणजे घरांची कर आकारणी, 9 म्हणजे कर मागणी. वर्षभर एवढ्यावर भागतं.

मग जागेवर जायचं. समजा अंदाजपत्रकात 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाडीचा काँक्रीट रस्ता आहे. 100 गुणिले 3 गुणिले 0.15 म्हणजे 45 घनमीटर. जागेवर जाडी 10 सेंटिमीटरच भरली तर काँक्रीट 30 घनमीटर, म्हणजे एक तृतीयांश माल गायब. हे शाळेतलंच गणित आहे, पण नापास झालेली पोरंसुद्धा ते इथे चटकन करतात. खरी शिकवणी यानंतर सुरू होते. रस्त्याची कड उतरती असते, म्हणून एकाच ठिकाणची जाडी धरायची नाही. दहाबारा ठिकाणी मोजायची, प्रत्येक ठिकाणाचा फोटो आणि अंतर लिहायचं. रस्ता खोदायचा नाही. आतली जाडी ठरवायची असेल तर कोअर (यंत्राने काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा) काढून तपासणी करा अशी लेखी मागणी करायची. सुधारित अंदाजपत्रक झालं होतं का ते बघायचं. देयकातून जीएसटी, विमा, रॉयल्टी अशा कपाती होतात, त्यामुळे मंजूर रक्कम आणि ठेकेदाराच्या हातात पडलेली रक्कम यांत फरक दिसणारच. एवढं सगळं तपासूनही फरक उरला, तर तो प्रश्न झाला. आरोप अजूनही नाही.

मुलांना हा फरक पटायला वेळ लागतो, आणि व्हॉट्सअ‍ॅप हा त्यातला मोठा शत्रू. मोजमाप घेतल्या संध्याकाळीच कुणीतरी गावाच्या ग्रुपवर ‘भ्रष्टाचार उघड’ म्हणून टाकतं. त्या रात्री दोन भावक्या आमनेसामने येतात आणि रस्ता राहतो बाजूला. माझ्या गटात म्हणून एकच कडक नियम असतो: ग्रामसभेत मांडण्याआधी काहीही ग्रुपवर टाकायचं नाही.

इथे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडून शिकण्यासारखं आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना ठाऊक असते. पण त्यामागे अभ्यासगट होता, हे फारसं कुणी सांगत नाही. विषयाचा अभ्यास करायला लोक वेगळे बसायचे, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचे, तावातावाने चर्चा करायचे, पण निर्णय तिथे घ्यायचे नाहीत. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. 2009 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच्या मुळाशी अशी वर्षानुवर्षांची बैठक आहे. तुमच्या मुलांचा गट म्हणजे अभ्यासगट, एवढीच त्याची ओळख ठेवा. ‘युवा दक्षता समिती’ वगैरे नाव दिलंत की पहिल्याच दिवशी अर्धं गाव विरोधात जाईल, आणि मुलांच्या डोक्यात हवा जाईल ती वेगळीच.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज शिकवायचाच, पण तो तिसरी पायरी म्हणून. आधी ग्रामपंचायतीत जाऊन तोंडी मागायचं, मग साध्या कागदावर लेखी मागून पोच घ्यायची. बरीचशी माहिती या कायद्याच्या कलम 4 प्रमाणे न मागताच जाहीर केलेली असायला हवी, याची नम्रपणे आठवण करून द्यायची. त्यानंतर अर्ज. महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. प्रतीला पानामागे 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. तरीही नाही मिळालं तर माहिती आयोगाकडे दुसरं अपील, पण तिथे महिनोन्‌महिने वाट पाहावी लागू शकते, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

मुलं पहिला अर्ज हमखास असा लिहितात: ‘गेल्या पाच वर्षांत गावात झालेल्या सर्व कामांची सविस्तर माहिती द्यावी आणि निकृष्ट कामाला जबाबदार कोण ते कळवावे.’ यातून काहीही मिळत नाही. ‘जबाबदार कोण’ हा अभिप्राय झाला, तो कुठल्या कागदावर लिहिलेला नसतो. आणि ‘सर्व कामे’ म्हटलं की कार्यालयाला टाळायला निमित्त मिळतं. तोच अर्ज असा लिहून घ्या: ‘अमुक वर्षात अमुक वस्तीत झालेल्या काँक्रीट रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, पूर्णत्वाचा दाखला व अंतिम देयक यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’ कागदाचं नाव घेऊन मागितलं की टाळणं अवघड जातं. दोन्ही अर्ज शेजारी ठेवून मुलांनाच फरक शोधू द्या. शिबिरातलं तासाभराचं भाषण यापुढे फिकं पडतं.

दोन गोष्टींबद्दल सावध करते. आपल्याकडे माहितीच्या अर्जांचा धंदा करणारी माणसं तयार झालीत. अर्ज टाकायचा, घाबरवायचं, तडजोड करायची. तुमच्या गटातल्या एखाद्या हुशार मुलाला असा ‘कार्यकर्ता’ लवकरच भेटेल, कारण त्याला असंच कागद वाचणारं पोरगं हवं असतं. म्हणून मिळालेली प्रत्येक प्रत गटाच्या फाइलीत लागली पाहिजे आणि ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे, हे पहिल्या दिवसापासून ठरवा. दुसरी गोष्ट गंभीर आहे. जमीन, वाळू, मोठी ठेकेदारी हे विषय नव्या गटाने घ्यायचे नाहीत. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी जमिनीचे घोटाळे बाहेर काढत होते. 2010 मध्ये त्यांची हत्या झाली. मुलांच्या आईवडिलांना काळजी वाटते ती उगाच नाही. अर्ज एकाच मुलाच्या नावावर ठेवू नका, आणि कुणाला धमकीचा एक शब्द जरी आला तरी त्याच दिवशी लेखी तक्रार करा.

आता ग्रामसभेची तालीम. खरोखर तालीमच, नाटकासारखी. एक मुलगी अध्यक्ष, एक जण ग्रामसेवक, एक जण मागे बसून पिंक टाकणारा काका. त्या काकाचं काम फक्त अडवायचं: ‘तुझ्या बापाने कधी तोंड उघडलं का इथं?’, ‘आधी शिक्षण पूर्ण कर, मग गाव बघ’, ‘कुणी पढवून पाठवलं तुला?’ हे टोमणे मुलांना अनोळखी नसतात, घरी ऐकलेलेच असतात. तरी उभं राहिल्यावर घसा कोरडा पडतो. दीड मिनिटात संपणारं बोलणं बसवून घ्या: कागदावर काय आहे, जागेवर काय आहे, आणि सभेने कोणता ठराव घ्यावा. असं काहीसं: ‘अध्यक्षमहोदया, शाळेच्या संरक्षक भिंतीच्या अंदाजपत्रकात लांबी साठ मीटर आहे. आम्ही मोजली तेव्हा अठ्ठेचाळीस भरली. पंचायत समितीच्या अभियंत्यांनी ग्रामस्थांसमोर फेरमोजणी करावी असा ठराव घ्यावा, ही विनंती.’ बसा. काका काहीही बोलले तरी उत्तर द्यायचं नाही, फक्त ‘ठराव लिहून घ्या’ एवढंच पुन्हा म्हणायचं. हे ‘पुन्हा म्हणायचं’ सगळ्यांत कठीण, त्याचाच सराव जास्त.

आणि उभं राहण्याआधी स्वतःच्या घराची घरपट्टी-पाणीपट्टी भरलेली आहे का ते नमुना 9 वर बघून घ्या. पहिला उलटा हल्ला तिथूनच होतो, आणि मुलगा सगळ्यांसमोर खाली बसतो. माझ्या ओळखीच्या एका गटाने आधी आपापल्या घरची थकबाकी भरली आणि पावत्या खिशात ठेवूनच सभेला गेले. पावत्या दाखवायची वेळ आली नाही, पण पोरं ताठ बसली होती.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. स्थानिक स्वराज्य संस्थांत 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, तरी मिश्र सभेत पंचविशीतल्या मुलीला बोलणं जड जातं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या ग्रामपंचायत अधिनियमातच आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावर उरकतात. मुलींना पहिला प्रश्न ग्रामसभेत मांडायला लावण्यापेक्षा ती महिला सभा खरोखर भरवायला लावा: नोटीस लागली का, वेळ बायकांच्या सोयीची आहे का, तिथल्या शिफारशी ग्रामसभेच्या इतिवृत्तात आल्या का. पाणी, स्वच्छतागृह, अंगणवाडी हे विषय तिथे आपोआप येतात. आणि त्या मुलीच्या मागे पंधरा बायका बसलेल्या असल्या की ग्रामसभेतला काका जरा जपून बोलतो. लग्नानंतर मुली गाव सोडून जातात, मग त्यांच्यावर मेहनत का घ्यायची, असं एका कार्यकर्त्याने मला विचारलं होतं. त्यांना मी म्हटलं, सासरच्या गावातही ग्रामपंचायत असतेच की. मतदार यादीत नाव तिकडे हलवून घेणं मात्र तिला आधीच शिकवून ठेवा.

मतदार यादीचं सगळ्यांनाच लागू आहे. यादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सदस्य. सतराव्या वर्षी आगाऊ अर्ज करता येतो, आणि आता वर्षातून चार अर्हता तारखा (ज्या दिवशी 18 पूर्ण असावी लागतात अशा) असतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. शिबिरातच मतदार नोंदणीचा नमुना 6 (फॉर्म 6) भरून घ्या. पुण्या-मुंबईला शिकायला किंवा कामाला गेलेल्या मुलांची अडचण खरी आहे, पण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभांच्या रूढ तारखा सुट्टीच्याच असतात. सण म्हणून गावी येतात, तसं या चारपैकी दोनदा तरी या, असं मी सांगते.

प्रशिक्षणाचं वेळापत्रकही याच तारखांना बांधा. पुढच्या वर्षीचा विकास आराखडा करण्याची मोहीम साधारण 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, म्हणजे जुलैत फाइल हातात हवी, ऑगस्टमध्ये मोजमाप, सप्टेंबरात तालीम. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, ती लागली की लगेच लेखी प्रश्न देऊन पोच घ्यायची. सभेनंतर ठरावाची प्रत मागायची, कारण बोललेलं आणि लिहिलेलं यांत अंतर पडतं. आणि जानेवारीत त्या ठरावाचं काय झालं ते विचारायचं. दोन दिवसांचं निवासी शिबिर घ्यायचंच असेल तर या सगळ्यानंतर घ्या. तेव्हा घटनादुरुस्ती शिकवा, राज्यघटनेच्या अकराव्या परिशिष्टातले पंचायतींकडे सोपवायचे 29 विषय शिकवा. मुलं वह्या उघडून बसतील, कारण प्रश्न त्यांच्याकडे तयार असतील.

ग्रामसेवकांना, म्हणजे नव्या पदनामाने ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, शत्रू करू नका. एकाकडे कधी कधी दोनतीन गावं असतात, वरून रोज नवी माहिती मागवतात, आणि ठेकेदार ठरवण्यात त्यांचा आवाज असतोच असं नाही. एका बैठकीला त्यांनाच शिकवायला बोलवा: रोकडवही कशी लिहितात, बिल अडतं कुठे. चांगले असतील तर मनापासून शिकवतात. नसतील तर मुलांनी काय काय वाचलंय हे त्यांना तिथेच कळतं, तेही काही वाईट नाही.

राजकीय पक्षांचं काय, असं तुम्ही पुढे विचारालच. गटातली बोलकी मुलं दोन निवडणुकांत कुणाच्या तरी बूथवर दिसणार, हे धरून चाला. बंदी घालून ते थांबत नाही. अभ्यासगटाच्या बैठकीत पक्षाचं नाव नको आणि फाइल कुणा एकाच्या घरी नको, एवढं पाळलं तरी गट तगतो. 21 पूर्ण झालेल्यांपैकी कुणी ग्रामपंचायतीला उभं राहिलं तर आनंदच आहे, पण निवडून आल्यावर त्याने गटातून बाहेर पडायचं आणि गटाने त्याचीही फाइल मागायची.

खर्चाचं विचाराल तर झेरॉक्स, तिकिटं, एक लांब टेप आणि तालुक्याला जाण्याचं एसटीचं भाडं. प्रकल्प निधीची वाट बघू नका. उलट प्रकल्प आला की ‘किती युवकांना प्रशिक्षित केलं’ हा आकडा भरावा लागतो आणि मग परत भाषणांची शिबिरं सुरू होतात. आकडा मागितलाच तर हा द्या: किती गावांत मुलांनी ठरावाची प्रत मिळवली आणि त्यातल्या किती ठरावांवर पुढे काही हाललं. सुरुवातीला तो लहानच असेल.

शेवटचं, तुमच्या स्वतःच्या भूमिकेबद्दल. ज्या गावाच्या यादीत तुमचं नाव नाही तिथल्या ग्रामसभेत जाऊन बसू नका. तुम्ही दिसलात की मुलांचा प्रश्न ‘बाहेरच्या संस्थेचा’ होतो आणि सरपंचाला सुटायला वाट मिळते. तालमीपर्यंत बरोबर राहा, सभेच्या दिवशी फोन चालू ठेवा. पहिल्या वर्षी दोनच गावं घ्या, जिथे गटात किमान चार मुली आहेत अशी.